तळ्यातली कुंकवाची

तळ्यातले कोई जातीचे रंगीत मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करायला लागले, की मी अजून हातातलं काम टाकून काठाशी धावते.

धायरीच्या आमच्या घरामागचं हे छोटं तळं सासूबाईंनी हौसेने बांधून घेतलेलं. त्यातल्या एका पांढऱ्या माशाच्या डोक्यावर बरोब्बर मधोमध लाल ठिपका. तिला त्या ‘कुंकवाची’ म्हणायच्या. सासूबाई गेल्या आणि सासरे तिच्याशीच बोलायला लागले. आमच्याशी कामापुरतं. काठाशी खुर्ची टाकून तिला हाताने दाणे भरवायचे आणि दिवसभराच्या तक्रारी सांगायचे, त्यात माझ्या स्वयंपाकाच्याही. स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू यायचं, आणि राग यायचा.

त्या वर्षी नवऱ्याने ऐनवेळी गणपती आणला, तो नेमका प्लॅस्टरचा. मग विसर्जन घरीच, मूर्ती विरघळवायची अमोनियम बायकार्बोनेटची पावडर घातलेल्या बादलीत. मूर्ती विरली. उरलेलं पाणी झाडांना खत म्हणून चालतं, असं सासऱ्यांनी कुठेतरी वाचलेलं. मग फेकतील कसले! तळ्याकाठच्या कर्दळीच्या बुंध्याशी त्यांनी अख्खी बादली ओतली. त्या रात्री धो धो पाऊस पडला.

सकाळी सगळे मासे वर. पाणी नितळ, तळाचे दगड दिसत होते, म्हणून तर जास्तच भीती वाटली. कुंकवाची एका कोपऱ्यात भराभर कल्ले हलवत होती. पाणी स्वच्छ आहे, तिला भूक नसेल, असं सासरे म्हणत राहिले. मी पाणी तपासायच्या नळीत तळ्याचं पाणी घेऊन त्यात रसायनाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. अमोनिया! पाणी बदलावं तर नळाच्या पाण्यात क्लोरीन, सरळ सोडलं तर त्यानेच मरायचे. इकडे आड, तिकडे विहीर. माशांसाठी पिंपात साठवलेलं होतं तेवढं पाणी आम्ही घातलं. ते पुरलं नाही.

बादलीतलं पाणी पावसाने तळ्यात उतरलं, हे माझ्या केव्हाच लक्षात आलं होतं. पण या माणसाला ते सांगायचं कसं? पावसाने रस्त्यावरचं काहीतरी वाहून आलं असेल, असं मी म्हटलं.

दुपारी कुंकवाची आडवी झाली. सासऱ्यांनी तिला दोन्ही हातांनी बाहेर काढलं. मग कोपऱ्यातली बादली उचलून हुंगली.

“पावसाला कशाला नावं ठेवतेस? बादली माझ्या हातात होती.”

आता ते रोज पाणी तपासतात. नळी पिवळीच असते. खुर्चीत बसतात, पण बोलत कुणाशीच नाहीत. माझ्या आमटीला तरी नावं ठेवा हो, असं रोज ओठांवर येतं.