बॅरल एकदम ओके आहे

हे सुरेखाला माहीत नाही. तिच्याशी लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, तरी नाही. सख्ख्या भावाला नाही, कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर उभं आयुष्य काढलेल्या दोस्तालाही नाही. अकरा वर्षं हे माझ्याजवळच आहे. आणि आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते हलकं का व्हावं? मला फक्त कंटाळा आलाय — चांगला बाप म्हणून मिरवण्याचा.

आधी माझं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी बार्शीकडचा. आयटीआय करून आलो, आधी भोसरीत, मग चाकणला, सगळी नोकरी टूलरूममध्ये. टूलरूम म्हणजे जिथे बाकीच्या कारखान्याची हत्यारं, डाय, गेज बनतात ती जागा. तिथे केसापेक्षा बारीक फरकावर माल पास होतो नाहीतर भंगारात जातो. माझ्या बोटांना तो फरक कळायचा. कंपनीत कुणाचं काही अडलं की एकच वाक्य ऐकू यायचं — मामांना विचारा. नव्या इंजिनियरपासून मॅनेजरपर्यंत सगळे, मामांना विचारा. त्या वाक्याची मला चटक लागली होती. लागली होती, लपवायचं कशाला?

शीतल आमची एकुलती एक. शाळेच्या एनसीसीत तिनं पहिल्यांदा रायफल धरली आणि तिथल्या कुणीतरी तिचं टार्गेट जपून ठेवून शिर्के सरांना दाखवलं. शिर्के सर रायफल क्लबचे कोच. त्यांनी तिला बोलावून घेतलं. वर्षभरात ती पन्नास मीटरवर, पोटावर झोपून, पॉइंट टू-टू रायफल मारायला लागली. रायफल क्लबची, पण ती वापरायची शीतल एकटीच. चिखलीतल्या आमच्या दोन खोल्यांत टार्गेटचे कागद भिंतीला लावलेले असायचे. एका भोकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. लांबून बघितलं तर वाटायचं, या पोरीनं एकच गोळी मारलीय.

मग सरांनी सांगितलं, रायफल साफ करायचा किट प्रत्येकानं आपापला आणा. कागदावर लिहूनही दिलं. प्लास्टिकचं आवरण असलेली एकसंध दांडी, पितळी ब्रश, सुती चिंध्या, तेल. आणि एक गाइड — म्हणजे दांडी नळीच्या बरोबर मधून जावी, कडेला घासू नये, म्हणून मागच्या बाजूनं बसवायचं छोटं नळकांडं.

शीतल आणि मी पुण्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार फौजेतून रिटायर झालेला, देहूरोडला राहणारा, माझ्याच वयाचा. त्यानं कागद वाचला, सगळं काढून काउंटरवर मांडलं. मी ती दांडी हातात घेतली, वाकवून बघितली आणि मला हसू आलं. म्हटलं, "ही दांडी? ही तर शेवग्याच्या शेंगेसारखी हलतेय."

तो शांतपणे म्हणाला, "हलू द्या साहेब. नळी वापरून कमी झिजते, चुकीच्या दांडीनं जास्त झिजते. आणि तोंडाकडून घालू नका, मागून घाला. तोंडाची कड गेली की गोळी भरकटते, रायफल गेली."

बरोबर बोलला तो. शब्दन्‌शब्द बरोबर. मला ते तेव्हाही कळलं होतं का? अर्धं कळलं होतं. पण मुलगी शेजारी उभी होती, आणि हा दुकानदार मला लोखंड शिकवत होता — मला! मी ब्रश घेतला, चिंध्या घेतल्या, तेल घेतलं. दांडी आणि गाइड परत सरकवलं. म्हटलं, दांडी मी बनवतो.

आणि बनवली. सुट्टीच्या आधीच्या शिफ्टला, साहेबांना सांगून. सिल्व्हर स्टीलची, ग्राइंडरवर आरशासारखी केलेली. मुठीला पितळ. वाकू नये म्हणून वर आणखी पाणी दिलं, म्हणजे तापवून कडक केली. तुम्ही या धंद्यातले असाल तर इथेच थांबाल. रायफलची नळी त्या मानानं मऊ असते. कडक लोखंड मऊ लोखंडाला खातं. हे मी ज्यांना शिकवलं ते आज फोरमन आहेत.

शीतलनं ती दांडी क्लबमध्ये सगळ्यांना दाखवली. "आमच्या पप्पांनी बनवलीय." शिर्के सरांनी विचारलं, गाइड कुठाय? मी म्हणालो, सर, माझा हात आहे, गाइडची गरज नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं. दर रविवारी रेंजच्या पडवीत ती रायफल धरून बसायची आणि मी दांडी घालायचो. तोंडाकडून. मागून घालायची तर बोल्ट काढा, रायफल फिरवा, कोण करणार? दीड वर्ष मी तसं करत होतो. तिनं एकदाही दांडी घातली नाही. हे नीट लक्षात ठेवा — हात माझाच होता.

मग भोकं पांगायला लागली. आधी थोडी, मग सांगण्याइतकी. सरांनी तिचा श्वास बघितला, कोपर बघितला, गोळ्यांचा बॉक्स बदलला. एक दिवस म्हणाले, "शीतल, मनात काय चाललंय? नेम तोच आहे, तूच तिथे नाहीस." राज्याच्या संघाची निवड तीन आठवड्यांवर होती. ती रोज पहाटे उठून नुसती रायफल धरल्यासारखी झोपायची — फरशीवर, रिकाम्या हातांनी, श्वास मोजत. तिची आई चहा ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. मामांना विचारा, असं ती म्हणाली नाही, पण बघायची तसंच.

त्या रविवारी मी खिशात भिंग घेऊन गेलो. आम्ही टूलरूममध्ये वापरतो ते, डोळ्याला लावायचं. शीतल पाणी प्यायला गेली होती. मी नळीच्या तोंडाला भिंग लावलं.

दोन सेकंद. जास्त लागले नाहीत. खालच्या बाजूला कड एका अंगानं झिजून चकचकीत झाली होती, नखाच्या चंद्रासारखी. माझ्या दांडीच्या मापाची. अशी कड दाखवून मी दुसऱ्यांचा माल परत पाठवायचो — आणि वर चार शब्द सुनवायचो.

ती परत आली. "पप्पा, काय बघताय?"

मी भिंग खिशात टाकलं. म्हणालो, "काही नाही. बॅरल एकदम ओके आहे."

ती तिथेच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "म्हणजे माझंच काहीतरी होतंय."

आणि मी म्हणालो, "हं. लक्ष दे जरा."

झालं, हेच ते. इथपर्यंत यायलाच एवढे कागद लागले. दांडी चुकली, ते मी माफ करायला सांगत नाही, पण चुका होतात. हे चुकलं नव्हतं. हे मी केलं. समोर सतरा वर्षांची मुलगी होती, तीन आठवडे हातात होते, आणि दहा पावलांवर शिर्के सर उभे होते. मी फक्त म्हणायला हवं होतं — सर, नळी बघा, माझ्यामुळे गेली. मला काय झालं असतं? क्लबमध्ये मान खाली गेली असती. दुकानदार खरा ठरला असता. इतकंच ना?

निवडीच्या दिवशी ती शेवटून दुसरी आली. रडली नाही. शांतपणे जॅकेट काढलं, घडी घातली, सरांना वाकून नमस्कार केला, आणि पुन्हा रेंजवर गेली नाही. दांडी मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या भंगारात टाकली, तुकडे करून. तुकडे का केले? कुणी ओळखू नये म्हणून. इतका विचार मी केला होता.

सहा-सात महिन्यांनी क्लबचा माणूस चौकात भेटला. सहज म्हणाला, "ती तुमच्या पोरीची रायफल ओ, तिची कड गेली होती. कारागिराकडं देऊन तेवढं तोंड कापून आणलं, आता लई भारी मारतीय." आणि जाता जाता, "पोरींना पुसायला येत न्हाई नीट." मी म्हणालो, हो ना. ऐकलंत? तेव्हाही मी हो ना म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, मुलीचं चांगलं झालं की. हे मला सांगू नका. झालंय चांगलं. पुण्याजवळ माणला आयटी कंपनीत आहे, अठ्ठावीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी. पण स्वतःबद्दल तिला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे — ऐन वेळी आपण ढेपाळतो. ती मैत्रिणींना हसत सांगते, मी नॅशनलला जाणार होते, पण आपल्याला प्रेशर झेपत नाही बाबा. ते तिला कुणी शिकवलं? मी. एका 'हं'नं.

गेल्या महिन्यात रविवारी ती घरी आली होती. जेवताना म्हणाली, कंपनीवाले टीम लीड करतायत, बारा माणसं हाताखाली. सुरेखा खूश झाली. शीतल म्हणाली, "नको गं आई. तुला माहितीये ना, माझं काय होतं ते." मग माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही सांगा."

शिर्के सर आता गावी असतात. मी रिटायर झालोय, मामांना विचारा म्हणणारं कुणी राहिलं नाही. ज्या इज्जतीसाठी तेव्हा गप्प बसलो ती केव्हाच संपलीय. म्हणजे आता कारणसुद्धा नव्हतं. वय, स्वभाव, बापाचं मन — यातलं काहीही माझ्या बाजूनं उभं करू नका, मी ते हाकलून देईन.

मी म्हणालो, "तुझं तू ठरव."

तिनं डाव्या हातानं मोबाइल घेतला आणि तिथेच, ताटावर बसल्या बसल्या, नको म्हणून मेल टाकलं. मी बघत होतो. मग मी भाजी वाढून घेतली आणि जेवलो.