बाजूच्या दाराची कमान

नव्वदच्या दशकात मी आखातातल्या सित्र्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. आमचे इंजिनिअर साहेब स्पेनचे. एका गुरुवारी त्यांनी माझ्या टेबलावर तीन फोटो ठेवले. त्यांच्या गावातल्या हजारेक वर्षं जुन्या चर्चचे. बाजूच्या दाराची कमान ढासळली होती. गवंडी तयार होता, नकाशा नव्हता. साहेबांच्या भावाने उरलेल्या दगडांची मापं घेऊन कळवली होती.

"शिफ्ट संपल्यावर कराल का? ऑफिसचं काम नाही हे."

दोन दिवसांत मी नकाशा दिला. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मी सरळ अर्धवर्तुळ काढलं होतं. तेवढ्यात आमचे स्टोअरकीपर भाई सहीसाठी आले. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, वयाने माझ्या वडिलांएवढे. फोटो बघून म्हणाले, "ही तर मशीद!"

"चर्चच आहे," साहेब हसले. "स्पेनच्या दक्षिणेला तेव्हा अरबांचं राज्य होतं, तिथे राहिलेले ख्रिस्ती होते हे. बोलणं अरबी, कपडे अरबी, धर्म मात्र स्वतःचा. उत्तरेला येऊन वसले, तेव्हा जसं येत होतं तसं चर्च बांधलं. प्रार्थनेची रीतही त्यांची वेगळी होती. ती पुढे रोमच्या पोपने बंद केली. कमानी राहिल्या."

भाईंनी फोटोवर बोट फिरवलं. "हे बघ, खाली येताना आत वळते. घोड्याची नाल बघितलीस ना? तुझं वर्तुळ लवकर संपलं."

खरंच होतं. मी वर्तुळाचा मध्य वर सरकवला, मापं जुळली. भाई शेजारीच बसले होते. त्यांना म्हटलं, "वडिलांनी बौद्ध धर्म घेतला, पण आई बुद्धाची गाणी जात्यावरच्या जुन्याच चालीत म्हणायची."

"मग दुसरी चाल आणणार कुठून?" भाई म्हणाले.

सहा महिन्यांनी साहेबांना गावाहून पत्र आलं. कमान बसली होती. नकाशा काढणाऱ्यासाठी प्रार्थना करायची तिथल्या म्हाताऱ्या फादरांची इच्छा होती. मी अवघडलो.

"साहेब, मी देव मानत नाही."

"तसं लिहू?"

त्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणवेना. "आईचे गुडघे फार दुखतात," मी म्हणालो. "तिच्यासाठी करा म्हणावं."

साहेबांनी तसंच लिहिलं. पुढच्या लीव्हवर घरी गेलो, तेव्हा आईला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "दार नीट लागतं ना आता?"