पेवात आधी कंदील

नवीन धंदा सुरू करणारे सल्ला मागायला येतात, तेव्हा मी आधी एकच सांगतो. गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं, तरी आपल्या माणसाच्या जिवाशी जोडलेली रीत सोडू नका. हे मी नव्वदच्या दशकात सांगलीला हळदीच्या व्यापारात शिकलो.

आमची हळद पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात असे. तोंड जेमतेम माणूस मावेल एवढं. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस. त्या दुपारी साताऱ्याच्या व्यापाऱ्याचा ट्रक खोळंबला होता. आमचा जुना हमाल कमरेला दोर बांधत होता.

"भरदुपारी कंदील? दिवाळी हाय व्हय?" ड्रायव्हर हसला.

"मग तूच उतर की गड्या," हमाल म्हणाला.

मी कंदील सोडला. वारा अजिबात नव्हता. भिंतीचं गवताचं अस्तर पिवळं उजळत गेलं. मध्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. वर ओढून पाहिलं तर रॉकेल भरपूर होतं. पेटवून पुन्हा सोडला. नेमका तिथंच विझला, जणू कुणी फुंकर मारायला बसलं होतं.

ड्रायव्हर मागं सरकला. हमालानं कमरेचा दोर सोडला.

ट्रक रिकामा गेला आणि तो व्यापारी पुन्हा आला नाही. पेव रात्रभर उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा हमाल उतरला. मी वरून हाक मारली. त्याची ओ यायला जरा वेळ लागला. तेवढा वेळ दोर माझ्या हातात फार हलका वाटत होता.