आतल्या कडीला चार हात

दाराची आतली कडी मी लावलेल्या अवस्थेत रंगवली.

त्याचं कारण माझी मुलगी सुजाता. मागच्या खेपेला ती पुण्याहून आली, तेव्हा कडीचा गंज तिच्या हाताला लागला. आमच्या शांती नगरात खाडीची हवा, लोखंडाला गंजायला निमित्त लागत नाही. पण तिने हात धुता धुताच जाहीर केलं, की बाबांना एकट्याने घर झेपत नाही, आता फ्लॅट बंद करायचा आणि बाबांनी पुण्याला यायचं. तिची आई गेल्यापासून तिचा तोच धोशा आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी ये, कडीत तोंड दिसेल तुला!

ती रविवारी येणार म्हणून शुक्रवारी दुपारी मी हार्डवेअरच्या दुकानात हजर. शेठने काळ्या ऑइल पेंटचा डबा देताना सगळं समजावलं: कडी दारावरून उतरवा, पॉलिश पेपरने घासा, प्रायमर मारा, मग पातळ दोन हात द्या, मध्ये एक दिवस सुकू द्या. मी मान डोलावली. (चाळीस वर्षांच्या नोकरीत मी कमावलेलं हे एकमेव कौशल्य.) घरी आल्यावर हिशेब केला: पातळ दोन हात टिकतात, तर जाड चार हात किती टिकतील! आणि उतरवायची तरी कशाला? दार लावलं, कडी सरकवली, आणि संध्याकाळपर्यंत दांडा, कोयंडे, स्क्रू, सगळं रंगात बुडवून काढलं.

रविवारचं दूध, श्रीखंड, भाजी आधीच आणून ठेवली होती. पेपर मी बंद केलाय. बातमी वाचून दाखवायला समोर कोणीतरी लागतं. शनिवारी खुर्ची दारापुढे ओढली आणि रंग वाळताना बघत बसलो. (टीव्हीपेक्षा बरं. मध्ये जाहिराती नाहीत.) काय तुकतुकीत दिसत होती कडी! कोणालातरी दाखवावी असं फार वाटलं. बेल काही वाजली नाही.

रविवारी अकराला वाजली. मी नवा सदरा घालून तयारच होतो. कडी ओढली. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. दार हललं, भिंत हलली, कडी नाही.

“बाबा, उघडताय ना?”

“उघडतोय. कडी जरा… नवीन आहे.”

खोबरेल तेल ओतलं, तर कडी आणखी चमकायला लागली. समोरच्या जिग्नाबेन आवाज ऐकून बाहेर आल्या आणि दाराबाहेरून म्हणाल्या, “काका, स्क्रू खोल दो ने!” स्क्रूच्या खाचा चार हातांनी भरून सपाट झालेल्या. पेचकस टेकायला जागा नाही. सुजाताला चारची बस होती. आठ महिन्यांनी पाच तासांसाठी आलेली माझी लेक जिन्यात खुर्ची टाकून जिग्नाबेनचा चहा पीत खाखरे खात होती, आणि श्रीखंडाच्या बाजूला फक्त मी.

दोघींच्या हसण्याचा आवाज मात्र छान येत होता. (मध्ये दहा मिनिटं मी ठोकणं थांबवून नुसता ऐकत बसलो. हे सुजाताला सांगितलेलं नाही.)

दीड वाजता, भाजीची सुरी आणि वरवंटा यांच्या संयुक्त प्रयत्नांनी कडी सुटली. सुजाता आत आली. मी माफी मागणार, तेवढ्यात तिने कोयंड्यावर नख घासून पाहिलं. टवका उडाला नाही.

“रंग पक्का बसलाय हं, बाबा.”

माझी छाती फुगली. म्हटलं, बसणारच, शुक्रवार संध्याकाळपासून कोणाचा हात लागलेला नाही त्याला.

तिने कडीकडे पाहिलं, दारापुढच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्हणजे शुक्रवारपासून तुम्ही घरात कोंडलेले होता,” ती म्हणाली, “आणि आज बेल वाजेपर्यंत तुम्हाला ते कळलंच नाही?”