तारखांमधली टिंबं

हे माझ्या बायकोला माहीत नाही. कंपनीत तर कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू का, तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून जमतंय एवढंच.

सणसवाडीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. हाताने काम कमी, कॉम्प्युटरवर जास्त. यंत्रांची रीडिंगं एक्सेलमध्ये भरायची, त्यांचा ग्राफ काढायचा, मीटिंगला दाखवायचा. सगळे मला 'एक्सेलमास्तर' म्हणायचे. चिडवायचेच, पण मला ते आवडायचं – फार आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

रीडिंगं घ्यायचे गेनूमामा. कवठे येमाईचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. घरात पूर्वी मेंढरं होती, आणि मेंढराच्या अंगाला हात लावून ताप ओळखावा तसे ते बेअरिंगला तळहात लावायचे. मग लांब पेचकसाचं टोक यंत्रावर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. तापमान मोजायची गन कंपनीने दिली होती, पण ती ते सगळ्यात शेवटी वापरायचे. आकडा वहीत लिहायचे, शेजारी तारीख. तारीख आम्ही सगळेच टिंबं देऊन लिहितो – दिवस, टिंब, महिना, टिंब, वर्ष. मीही तशीच टाइप करायचो.

ओव्हनच्या मोठ्या ब्लोअरच्या बेअरिंगचं तापमान दर शुक्रवारी मोजायचं असा नियम होता. कित्येक महिने आकडा बावन्न-त्रेपन्नच्या पुढे गेला नाही. मग एका शुक्रवारी अठ्ठावन्न आला. मामा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "सायेब, ह्येचा आवाज बदललाय. मी आता रोज बघतो." नियमात नसताना ते रोज मोजू लागले. एकसष्ट, पासष्ट, अडुसष्ट. मंगळवारी त्र्याहत्तर.

बुधवारी सकाळी मीटिंगमध्ये मी ग्राफ लावला. रेघ आधी सपाट, मग हळूहळू वर जाणारी. मॅनेजर म्हणाले, पंच्याऐंशीची मर्यादा आहे, चढ सावकाश आहे, दिवाळीच्या बंदमध्ये बदलू. त्यांनी सही केली आणि कागद बोर्डावर लागला.

दुपारी त्या दिवसाचा आकडा भरताना माझं लक्ष गेलं. तारखा चौकटीत डावीकडे चिकटलेल्या. आकडे उजवीकडे राहतात, शब्द डावीकडे. म्हणजे टिंबांमुळे एक्सेल माझ्या तारखांना तारखा समजतच नव्हतं, नुसते शब्द समजत होतं. त्यामुळे दोन नोंदींत आठवड्याचं अंतर असो की एका दिवसाचं, ग्राफवर जागा सारखीच. काळजीने मामा रोज मोजत होते, आणि त्या रोजच्या नोंदींमुळेच चढ लांबून सौम्य दिसत होता. टिंबं काढून मी तिरप्या रेघा टाकल्या. ग्राफची रेघ भिंतीसारखी उभी राहिली.

मी काय केलं असेल, वाटतं तुम्हाला?

फोन समोर होता. मॅनेजरची केबिन वीस पावलांवर. पण डोक्यात एकच – सकाळी सगळ्यांसमोर दाखवलेला, सही झालेला ग्राफ चुकीचा होता हे आता एक्सेलमास्तरने जाऊन सांगायचं? मी कंट्रोल झेड दाबलं. टिंबं परत आली, भिंत गेली. शुक्रवारी हळूच दुरुस्त करू म्हटलं. गुरुवारी आमची सुट्टी. मी गावी, खुटबावला गेलो, घरी मटण होतं, पोटभर जेवलो.

शुक्रवारी सकाळी ब्लोअर सुरू झाला आणि मामा रीडिंग घ्यायला गेले. बेअरिंग जाम झालं, पट्टा तुटला, वरची जाळी उडाली. मामांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. अहवालाला ग्राफ जोडायचा होता, आणि तो माझ्याकडेच मागितला. तेव्हा तरी? नाही. मी टिंबांचाच ग्राफ दिला. अहवालात आलं की तापमानवाढ सावकाश होती, धोक्याची सूचना नव्हती, कामगार गरजेपेक्षा जवळ गेला. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो असं म्हणता येईल. या वेळी मी शांतपणे, विचार करून ती फाइल जोडली.

दोन महिन्यांनी कवठ्याला त्यांच्या घरी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मामी चहा घेऊन आल्या. मामांनी डाव्या हाताने बशी धरली.

"सायेब, माजंच चुकलं," तेच म्हणाले. "हात सांगत व्हता, लांब ऱ्हा. पर बोर्डावर तुमचा कागद बघितला. चढ किती सावकास! म्हनलं, म्हातारपनी हाताला उगंच भ्या बसलंय. म्हनून जवळ ग्येलो."

मी चहा संपवला. तब्येतीची चौकशी केली. निघालो.

नवीन पोरांना आता मीच शिकवतो – ग्राफ काढायच्या आधी तारखा तपासा, डावीकडे चिकटल्यात का बघा. हे कसं लक्षात आलं, असं एकीने विचारलं होतं. अनुभवाने, म्हणालो.

मामी मध्ये शिरूरच्या बाजारात भेटल्या. म्हणाल्या, हे आता कशालाच हात लावून बघत नाहीत. शेळी आजारी पडली तरी म्हणतात, मला काय कळतंय, डॉक्टरला बोलवा.

त्यांच्या हाताला बरोबर कळलं होतं. हे मला माहीत आहे, त्यांना नाही. मामींनी घरी यायचा आग्रह केला. मी येतो म्हणालो, आणि गेलो नाही.