लढाईवरून घरी गेलेलं पत्र

आमच्या इतिहासाच्या बाईंनी माझ्यासाठी दोनदा सुरगाण्याच्या डोंगरात आमच्या घरी जीपने हेलपाटे घातले, हे आधी लिहिते. पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष नाही.

मी नाशिकला वसतिगृहात राहून नववीत शिकत होते. दुसरं महायुद्ध शिकवताना बाई म्हणाल्या, "सनावळ्या राहू द्या. तुम्ही तिथे आहात असं समजा आणि घरी पत्र लिहा. खरंखुरं आंतर्देशीय आणा." मी नर्स झाले. 'आई, इथे रोज माणसं मरतात. मी पट्ट्या बांधते. परत येईन की नाही, माहीत नाही.' बाईंनी ते वर्गात वाचलं, प्रदर्शनात भिंतीवर लावलं. नंतर पत्र परत मिळालं. पत्ता लिहिलेलाच होता. आईला कौतुक वाटेल म्हणून मी ते टपालपेटीत टाकलं.

त्या वर्षी सीमेवर खरीच लढाई चालू होती. घरात वाचता येणारं कुणी नाही. टपाल घेऊन येणाऱ्या जीपवाल्यानेच ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आईने जेवण सोडलं. बाप भाताची लावणी अर्धी टाकून नाशिकला आला. मला धडधाकट बघूनही म्हणाला, "लय झाली शाळा. चल."

रविवारी बाई आमच्या घरी आल्या. "चूक माझी आहे, शिक्षा तिला नको," म्हणाल्या. हा अभ्यास होता हे पटावं म्हणून त्यांनी पिशवीतून बाकीच्या मुलींची पत्रं काढली, एकेक वाचली. कुणी सैनिक, कुणी डॉक्टर. आई डोळे पुसत ऐकत होती.

"बाई, एवढ्या लेकी धाडल्या तुम्ही? माझी तरी आली. त्यांच्या आयांनी काय करायचं?"

बाईंनी पत्रं पिशवीत भरली.

दुसऱ्या खेपेला त्या नववी-दहावीची पुस्तकं घेऊन आल्या. मला पंचवटीत स्वतःच्या घरी ठेवून घेते म्हणाल्या. बापाने हात जोडले. "तुमच्यावर राग नाय बाई. पण हिला नजरेसमोरच राहू द्या."

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नजरेसमोर कसली, आता सुरतेत साड्यांना खडे चिकटवते. घरी फोन करायचा तरी आधी मनात चार वेळा बोलून बघते. माझ्या एका शब्दाने काय होईल, सांगता येत नाही. बाईंनी नंतर कुठल्याच वर्गाला तशी पत्रं लिहायला लावली नाहीत, असं कळलं.

बाई, बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म अजून भरलेला नाही. पण कधीतरी पास होईन आणि तो कागद घेऊन तुमच्या दारी येईन. तुमच्या त्या दोन खेपा मी फेडणार आहे.