नणंदबाई आणि पुढचा चिमटा

सगळी नोकरी दिल्लीत काढूनही मंत्री, खुर्ची, बदली यांतल्या कशाचीच फिकीर न करता केवळ सायकलच्या पुढच्या चिमट्याची काळजी वाहणारी बाई साऱ्या देशात एकच असेल आणि ती नेमकी माझी थोरली नणंद असेल, हे लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे तेव्हा ते कुणाला ठाऊकही नव्हतं. ताई केंद्र सरकारच्या कचेरीत होत्या, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या आणि साध्या काळ्या लेडीज सायकलवरून भाजी आणायच्या. पुढे गुडगावात काचेच्या इमारती उगवल्या, माझ्या नवऱ्याला तिथे नोकरी लागली, आणि त्याच्या ऑफिसातला एक जण अमेरिकेहून परतताना डोंगरात चालवायची सायकल घेऊन आला. दोन रविवारांत त्याची हौस फिटली आणि सायकल आमच्याकडे आली. ताईंनी तिच्या पुढच्या चिमट्यावर दोन्ही हातांनी भार दिला. चिमटा दबला आणि सावकाश वर आला. “अय्या, ही तर श्वास घेते!” ताई म्हणाल्या. त्या दिवसापासून ती सायकल त्यांची.

पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या त्या चिमट्याला फोर्क म्हणायचं, अशी आम्हाला ताकीद होती. त्याच्या नळ्यांत हवा आणि तेल असतं, खड्डा आला की तो दबतो आणि हाताला हिसका बसू देत नाही, एवढं मला कळलं होतं. ताईंचं तेवढ्यावर भागत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी अरवलीच्या पायवाटांवरून आमच्या घरी परतल्या की स्वतः पाणी प्यायच्या आधी त्या नळ्या पुसायच्या. “धुळीचा एक कण आत गेला ना, की सील गेलंच समज,” हे त्यांनी दूधवाल्यालाही ऐकवलं होतं. पुसायचे टॉवेल पानिपतचे. मराठी माणूस पानिपतला गेला की मैदानावर उभा राहून गहिवरतो. ताई गेल्या आणि मऊ टॉवेलांचं गाठोडं घेऊन परत आल्या. त्यातला एक मी पाहुण्यांना दिला, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. रबरी सील मिळेना म्हणून करोल बागेतली गाड्यांच्या सुट्या भागांची एकूण एक दुकानं त्यांनी पालथी घातली. “माताजी, गाड़ी कौन-सी है?” दुकानदार विचारायचा. “साइकिल,” ताई म्हणायच्या. त्यावर एकाने त्यांना आधी बसायला स्टूल दिलं आणि मग हळूच घरचा फोन नंबर विचारला.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा “आता पुण्यालाच जाते” म्हणत त्या आमच्याकडे आल्या आणि राहिल्या. सायकल दिवाणखान्यात. अधूनमधून तिला चाकं वर करून उलटी ठेवायची, म्हणजे आतलं तेल उतरून सीलं भिजतात. नेमकं माझ्या हळदीकुंकवाच्या दिवशी हे भिजणं चालू होतं.

“ताई, बायका येतील आता.”

“येऊ देत की. तेल काय बायका बघून थांबतं?”

नोएडाहून आलेल्या एका बाईंनी काही रीत असेल असं समजून दोन्ही चाकांना हळदकुंकू लावलं. ताई प्रसन्न झाल्या. त्यांनी बाईंना फोर्कच्या तळाची लाल चकती दाखवली; ती फिरवली की दबलेला फोर्क किती वेगाने वर येईल ते ठरतं. “फार जलद वर आला तर आपल्याला फेकून देतो, फार हळू आला तर पुढच्या खड्ड्याला तयार नसतो.” बाईंनी खोल श्वास घेऊन मान डोलावली. त्यांना वाटलं, संसाराबद्दल चाललंय.

मग एका हिवाळ्यात ताईंची तक्रार सुरू झाली, फोर्क कडक झालाय. रोज सकाळी त्या थोडी हवा सोडायच्या. तेल बदललं, सीलं बदलली, तरी कडकच. घट्ट झाकणांचे डबे त्या माझ्याकडे सरकवायला लागल्या, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागल्या, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. कडक झाली होती ती मनगटं, फोर्क नव्हे. शेवटी हवा इतकी कमी झाली की एका उतारावर फोर्क पार तळाला बसला आणि ताई हँडलवरून पुढे पडल्या. हनुवटी फोडून घरी आल्या.

“ताई, यार, वय बघ जरा! विकून टाक ती सायकल,” नवरा ओरडला. एरवी धाकट्या भावाला एक शब्द बोलू न देणाऱ्या ताईंनी हनुवटीवरचा कापूस तेवढा बदलला. डॉक्टरांनी मनगटांना पट्टे दिले आणि सायकल बंद म्हणून सांगितलं. तरी रोज त्या नळ्या पुसायच्या. नुसत्याच पुसायच्या.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. “अगं, इकडे ये. बूट घाल आणि बस हिच्यावर.”

“ताई, मला नाही हो डोंगरात जायचं.”

“डोंगरात कोण पाठवतंय तुला? पडून राहिला की फोर्क सुकतो.”

मी भिंतीला धरून बसले. नळीवर एक रबरी कडं असतं, ते त्यांनी खाली सरकवलं, मला अलगद उतरायला लावलं आणि कडं कुठवर चढलं, म्हणजे माझ्या भाराने फोर्क किती दबला, ते वाकून पाहिलं. “तुला जास्त हवा लागेल,” म्हणाल्या. पंपाला मनगट साथ देईना, तेव्हा पंप मी मारला आणि त्या “हं, आणखी, आणखी थोडी, बस्स!” करत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला होता.

सोसायटीमागच्या कच्च्या रस्त्यावर मी चक्कर मारली. फोर्क इतका नेमका लागला होता की खडी हातापर्यंत पोचलीच नाही. परत आले तर ताई फाटकाशी उभ्या.

“कसा वाटला?”

“थोडा कडकच वाटतोय हो,” मी म्हणाले.

“असं कसं?” त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि डोळे चमकले. त्यांनी वरचं टोपण काढायला लावलं, नखाने नावापुरती हवा सोडली. “जा, आता बघ.”

मी पुन्हा निघाले. वळणावर मागे पाहिलं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या; त्यांची नजर माझ्यापुढच्या खड्ड्यांवर होती, आणि पट्टे बांधलेले त्यांचे दोन्ही हात, हँडल धरल्यासारखे, किंचित पुढे उचललेले होते.